कुरळ्या केसांचे न्हाणे : माती आणि सौम्य क्षालनाविषयी प्रस्तावना

मराठीत अंघोळ आणि न्हाणे हे शब्द एकाच क्रियेची दोन नावे नाहीत. अंघोळ रोजची आणि अंगापुरती. न्हाणे मात्र, विशेषतः बायकांच्या बोलण्यात, डोक्यावरून आणि ठरलेल्या वारी करायचे, आणि त्यात आदल्या रात्री चोळलेले तेल, भिजत घातलेली शिकेकाई, बादलीभर जास्तीचे ऊन पाणी, पंचाने टिपून घेतलेले केस आणि बाळंतिणीच्या बाबतीत केसांखाली धरलेली धुपाची शेगडी एवढ्या साऱ्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. गेल्या दोन-तीन पिढ्यांत या शब्दाची जागा बऱ्याच घरांत ‘शॅम्पू करणे’ या प्रयोगाने घेतली आणि शब्दाबरोबर क्रियाही आखूड झाली. शॅम्पू हा शब्द मात्र मुळात याच भूमीतला आहे. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे दाबणे किंवा चेपणे, या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपावरून तो अठराव्या शतकात इंग्रजीत गेला, तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणे असा होता, आणि पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे जे स्नानगृह चालवले, त्यामुळे तो तेथे विशेष प्रसिद्ध झाला. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. हाताने चेपण्याचा शब्द बाटलीतल्या द्रवाचे नाव झाला आणि या प्रवासात नेमका हातच गळून पडला.

कुरळ्या केसांच्या बाबतीत ही हानी सर्वांत अधिक जाणवते, कारण सरळ केस घाईचे आणि तीव्र धुणे बराच काळ सोसतात, कुरळे केस सोसत नाहीत. प्रस्तुत पुस्तकाचा विषय कुरळ्या केसांची निगा हा असून, त्यातही माती आणि सौम्य वनस्पतिजन्य द्रव्ये यांनी केलेले क्षालन हा आहे. त्यामागचा विचार थोडक्यात असा, की कुरळ्या केसाचे धुणे कसे झाले हे त्यातून काय निघून गेले यापेक्षा त्यावर काय शिल्लक राहिले यावरून ठरवावे. हा विचार पटण्यासाठी प्रथम कुरळा केस म्हणजे काय हे पाहावे लागते.

केस ज्या खळग्यातून उगवतो त्याला केशकूप म्हणतात. सरळ केसाचा केशकूप त्वचेत बराचसा सरळ उतरलेला असतो, तर कुरळ्या केसाचा कूप मुळाशीच वळलेला असतो, आणि त्यातून घडत येणारा तंतू आडव्या छेदात गोल न राहता लंबगोल, काही वेळा पट्टीसारखा चपटा होतो. तंतूचा मुख्य भाग केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून त्याला कॉर्टेक्स म्हणतात. कुरळ्या केसात या भागातील पेशींची रचना वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूस सारखी नसते आणि या असमानतेमुळे वळण पक्के होते. कॉर्टेक्सभोवती क्युटिकल नावाचे आवरण असते, आणि ते घरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढलेल्या, टोकाकडे तोंड केलेल्या पातळ खवल्यांचे असते. खवल्यांच्या सर्वांत बाहेरच्या पृष्ठावर स्निग्धाम्लांचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जखडलेला असतो, आणि केसाचा नैसर्गिक गुळगुळीतपणा व पाणी झटकून टाकण्याची शक्ती बव्हंशी याच थराची असते. हा थर वरून लावलेल्या तेलाचा नव्हे. तो केसाबरोबर जन्मतो आणि एकदा गेला की त्या तंतूवर परत येत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस हा जिवंत पेशींचा नसतो आणि स्वतःची डागडुजी करू शकत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो हे लक्षात घेतले, तर खांद्याखाली पोचलेल्या केसाच्या टोकाने दोन-तीन वर्षांची धुणी, ऊन आणि फणी सोसलेली असतात हे उघड आहे.

याला दुसरी एक गोष्ट जोडून पाहावी लागते. टाळूतील तैलग्रंथींतून सीबम नावाचे तेल सतत पाझरत असते आणि सरळ केसावरून ते विंचरताना सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वेटोळ्यापाशी ही वाट अडते, त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके कोरडी अशी परस्परविरुद्ध स्थिती एकाच डोक्यावर आढळते. अनेक घरांत मुलीचे केस ‘राठ’ आहेत असे म्हणतात तेव्हा बहुधा या कोरडेपणाचाच निर्देश असतो. केसाचा पोत मुळात राठ नसून त्याला त्याचे तेल पोचलेले नसते. शिवाय वळणाच्या जागी खवले किंचित उचललेले असतात, तंतू तेथे दुबळा असतो, आणि शेजारच्या वेटोळ्यांत अडकून गुंता होण्याची व गुंता ओढून सोडवताना तुटण्याची भीती तेथेच सर्वाधिक असते.

पाण्याशी केसाचे नाते तर याहून सूक्ष्म आहे. केराटिनच्या साखळ्या एकमेकींशी जोडणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात : गंधकाच्या अणूंमधले पक्के बंध, जे पाण्याने तुटत नाहीत आणि ज्यांच्यामुळे केसाचे जन्मजात वळण टिकते, आणि हायड्रोजन बंध, जे पाणी लागताच सुटतात व केस वाळताना नव्या जागी जुळतात. ओला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो, जाडीत १४ ते १६ टक्क्यांनी फुगतो, आणि लांबीत मात्र एक-दोन टक्केच वाढतो. हवेतील दमटपणाने केसाची लांबी बदलते हे जिनिव्हाच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने हेरले आणि माणसाच्या केसावर चालणारे आर्द्रतामापक यंत्र बनवून १७८३ मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोकणात किंवा गोव्यात आषाढ-श्रावणात कुरळे केस पिंजारलेल्या कापसासारखे फुलतात आणि तेच केस देशावरच्या कोरड्या हवेत, माघ-फाल्गुनात, वेगळेच वागतात, याचे कारण हेच आहे. ज्या केसावरचे स्निग्ध आवरण शाबूत आहे तो दमट हवेतले पाणी सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो. ज्याचे आवरण धुण्याने खरवडले गेले आहे तो मात्र हवा बदलली की लगेच फुगतो.

आता धुण्याच्या द्रव्यांकडे वळता येईल. साबण हा तेल आणि अल्कली यांच्या संयोगाने होतो, त्याच्या पाण्याचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो. सामू म्हणजे आम्लता मोजण्याची पट्टी. तीवर ७ हा आकडा उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कधर्मी. निरोगी टाळूच्या पृष्ठाचा सामू सुमारे ५.५ असतो. अल्कधर्मी पाण्यात केस अधिक फुगतो, खवले उचलले जातात आणि केसावरचा ऋण विद्युत्भार वाढतो, त्यामुळे शेजारचे केस एकमेकांना दूर लोटतात आणि घासले गेले की अडकतात. दुष्फेन पाण्यात, म्हणजे ज्याला बोलीत जड पाणी म्हणतात अशा कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त पाण्यात, साबणाचा चिकट साका केसावर बसतो, आणि महाराष्ट्रातील कूपनलिकांच्या पाण्यावर राहणाऱ्या कोणालाही हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. बर्लिनच्या हान्स श्वार्झकॉफ यांनी १९०३ मध्ये पाण्यात मिसळायची शॅम्पूची पूड आणली, त्यांच्या कंपनीने १९२७ मध्ये द्रवरूप शॅम्पू आणला, आणि १९३० च्या दशकात साबणरहित कृत्रिम क्षालकांचे शॅम्पू अमेरिकेत विक्रीस आले. जड पाण्याचा प्रश्न त्यांनी खरोखर सोडवला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु सोडियम लॉरिल सल्फेटसारखी जी द्रव्ये त्यांत वापरली गेली, ती तेलाचा कण चहूबाजूंनी वेढून पाण्याबरोबर वाहून नेण्यात इतकी तत्पर असतात की मळाचे तेल आणि केसाच्या कामाचे तेल असा भेद त्यांना करता येत नाही. फेसाची विपुलता म्हणजे स्वच्छता, ही समजूतही याच काळात दृढ झाली. वास्तविक फेस आणि मळ काढण्याची शक्ती यांचा संबंध फार सैल आहे.

याविरुद्धची प्रतिक्रिया कुरळ्या केसांच्या लोकांकडूनच आली, आणि ती प्रथम अमेरिकेत संघटित झाली. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस सरळ करण्याची रसायने नाकारून जन्मजात केस मिरवण्याची जी चळवळ उभी केली, तिचा आशय सौंदर्याच्या पलीकडचा, प्रतिष्ठेचा होता. कामाच्या ठिकाणी आणि शाळेत केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये संमत केला, हे त्या लढ्याचे फळ. दुसरीकडे लॉरेन मॅसी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून सल्फेटयुक्त शॅम्पू, सिलिकोन आणि उष्णतेची उपकरणे टाळण्याची पद्धत सांगितली, आणि शॅम्पूऐवजी केस मऊ करणाऱ्या कंडिशनरनेच डोके धुण्याची रीत त्यातून जगभर पसरली. या रीतीने असंख्य लोकांचे केस सावरले, मात्र तिला एक मर्यादा आहे, आणि मातीचा विचार याच ठिकाणी अपरिहार्य होतो. कंडिशनरमधील मुख्य द्रव्ये धन विद्युत्भाराची असतात, ऋणभारित केसाला ती चिकटून राहतात, आणि नुसत्या कंडिशनरने धुतलेल्या केसावर काही आठवड्यांत त्यांचा, मेदाचा आणि टाळूच्या मृत पेशींचा साका जमतो. केस निस्तेज व जड होतात आणि ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती आहे त्यांचा कोंडा बळावतो. हा साका काढायचा, पण केसाचे स्वतःचे आवरण राखायचे, असे काम करणारे द्रव्य हवे असते.

माती हे असे द्रव्य आहे, पण सगळी माती नव्हे. मृत्तिका-खनिजे ही सिलिका आणि ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम यांच्या पत्र्यांची बनलेली असतात. ज्यांच्या पत्र्यांमधील अंतरात पाणी शिरून माती फुगते त्या गटाला स्मेक्टाइट म्हणतात आणि केसांच्या कामाच्या बहुतेक माती या गटातल्या आहेत. त्यातील प्रमुख खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याला १८४७ मध्ये फ्रान्सच्या मॉन्टमोरिलोन या गावावरून नाव मिळाले. याचा एकेक पत्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नास हजारांश किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि एका ग्रॅममधील सारे पत्रे उलगडून पसरले तर त्यांचे पृष्ठ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. मराठी वाचकाच्या परिचयाच्या मापात सांगायचे, तर चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे जमीन घडी घालून ठेवलेली असते. या प्रचंड पृष्ठावर तेल, रंगद्रव्ये आणि विद्युत्भारित कण चिकटून बसण्याच्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. साबण मळाला विरघळवतो; माती मळाला आपल्या अंगावर बोलावून घेते.

या खनिजाशी महाराष्ट्राचा संबंध फार जुना व जिव्हाळ्याचा आहे, जरी तो सौंदर्यप्रसाधनाच्या नात्याने ओळखला जात नसला. दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली काळी कसदार जमीन स्मेक्टाइटनेच भरलेली असते. पावसात ती फुगून पाय रुतवते आणि वैशाखात हातभर भेगा पाडते, ते याच पत्र्यांच्या फुगण्या-आकसण्यामुळे. मुलतानी मातीचे नाव सध्याच्या पाकिस्तानातील मुलतान शहरावरून पडले, पण भारतात ती राजस्थानातील बाडमेर, बिकानेर, जैसलमेर या भागांत मिळते, आणि मराठी घरांतल्या काष्ठौषधींच्या पुड्यांत ती नागरमोथा, कपूरकाचरी आणि आवळकाठीच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली आहे. शेतातली काळी माती थेट डोक्याला लावावी असा याचा अर्थ मुळीच घेऊ नये. शेतात खत, कीटकनाशके आणि धनुर्वातासारख्या रोगांचे जंतू असतात.

मातीच्या गुणाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोधप्रद उपयोग केसांवर नव्हे, लोकरीवर झाला. कापड घोटून घट्ट करणारे कारागीर लोकरीतील मेद काढण्यासाठी ही माती वापरत. रोमन काळात ग्रीसमधील किमोलोस बेटावरची माती या कामासाठी नावाजलेली होती, आणि सतराव्या शतकात इंग्लंडने आपल्या लोकर-व्यवसायाच्या रक्षणासाठी अशा मातीच्या निर्यातीवर बंदी घातली होती. लोकर आणि माणसाचा केस दोन्ही केराटिनचेच. तेव्हा मुलतानी माती सौम्य आहे असे सरसकट म्हणणे हे तिच्या इतिहासालाच धरून नाही. मेंढीच्या चिकट मेदाने माखलेली लोकर जी कोरडी करते, ती माती आधीच तेलाला पारख्या झालेल्या कुरळ्या टोकांवर वाळेपर्यंत राहू दिली, तर काय होईल हे सांगावयास नको. चेहऱ्यावरचा लेप तडकेपर्यंत ठेवण्याची सवय केसांवर नेल्याने जे नुकसान होते, त्याचा दोष मातीवर टाकणे अन्यायाचे आहे. मातीचे सौम्यपण तिच्यात किती पाणी आहे, ती किती वेळ आहे आणि केसाच्या कोणत्या भागावर आहे यांवर अवलंबून असते, आणि या तिन्ही गोष्टी लावणाऱ्याच्या हातात असतात.

हे तारतम्य ज्या परंपरेत सर्वांत चांगले जपलेले दिसते ती मोरोक्कोची. तेथे अॅटलास पर्वतरांगांच्या पूर्वेकडील मुलूया नदीच्या खोऱ्यात जमिनीखालच्या खाणींतून घस्सूल नावाची तपकिरी माती काढतात. तिचे मुख्य खनिज स्टिव्हेन्साइट, म्हणजे मॅग्नेशियमने समृद्ध असलेले स्मेक्टाइट आहे. घस्सूल हा शब्द धुणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला, आणि इतिहासाच्या पुस्तकांतून मराठी वाचकास माहीत असलेला मोगल दरबारातील गुसलखाना हा शब्दही त्याच धातूचा. वाळलेल्या पापुद्र्यांच्या रूपात विकली जाणारी ही माती पाण्यात टाकली की आपोआप विरघळल्यासारखी सुटते आणि तिचा गुळगुळीत, जवळजवळ साबणासारखा लगदा होतो. सार्वजनिक उष्ण स्नानगृहात, म्हणजे हमामात, सगळीकडे वाफ असताना ती लावली जाते, त्यामुळे ती केसावर वाळत नाही. मातीबरोबर दमट उष्णता ही तेथली अट आहे. भारतात आयात केलेल्या घस्सूलची चैन प्रत्येकाला परवडणार नाही आणि तिची गरजही नाही, पण हमामातील ती ओलसर हवा मात्र मुलतानी मातीच्या उपयोगातही हवी, एवढा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

याच्या उलट टोकाला नामिबियाच्या कुनेने प्रदेशातील हिंबा स्त्रियांची रीत आहे. लोण्याची चरबी आणि लाल गेरू यांचा ओत्जिझे नावाचा लेप त्या अंगाला आणि वेण्यांना लावतात आणि तो धुऊन काढण्यासाठी नसतोच. पाण्याच्या दुष्काळी प्रदेशात तो केसावर राहून त्याला झाकतो. एकीकडची माती मेद घेऊन जाते, दुसरीकडची मेदासह राहते. कुरळ्या केसांना दोन्ही गरजा आहेत, आणि कोणत्याही एका रीतीलाच निसर्गाचा आदेश मानणाऱ्यांनी या दोन प्रदेशांकडे एकत्र पाहावे.

मातीच्या पत्र्यांवर ऋण विद्युत्भार असतो आणि त्यांच्यामधले धन आयन सहज बदलले जातात. कंडिशनरमधील धनभारित द्रव्ये या पत्र्यांना अतिशय घट्ट धरतात. यामुळेच कंडिशनरने धुणाऱ्यांच्या केसावरील साका माती चांगला उचलते, आणि यामुळेच मातीनंतर लगेच, नीट न धुता, कंडिशनर लावला तर तो केसाऐवजी उरलेल्या मातीतच जिरतो आणि केस राखाडी, खरखरीत राहतात. माती लावण्यास जितके पाणी लागते त्याच्या अनेकपट ती काढण्यास लागते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लाकडी चमच्यानेच माती कालवावी, धातूच्या स्पर्शाने तिचे गुण नष्ट होतात, अशी एक समजूत मात्र फार आवर्जून सांगितली जाते. काही क्षणांच्या स्पर्शाने असे काही घडत नाही, आणि स्टीलच्या वाटीत माती निःशंकपणे भिजवावी.

शिकेकाई आणि रिठा यांचे कार्य मातीहून वेगळे आहे. शिकेकाई हा शब्द दक्षिणेकडून आला; कन्नडमध्ये ‘कायी’ म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. तिच्या शेंगांत आणि रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, फेस देतात आणि जड पाण्यात साबणासारखा साका पाडत नाहीत. रिठ्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘भारतीय साबण’ असा आहे. दोघांना एका पंक्तीत बसवण्याची चूक मात्र सर्रास होते. शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असते, खवले उचलत नाही आणि केसात थोडा ओलावा राखते; रिठा कितीतरी तीव्र, डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबणारा, आणि रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी उत्तम असला तरी कोरड्या कुरळ्या केसांसाठी रोजचा सोबती नव्हे. झाडावर उगवले म्हणून सौम्य, हा न्याय कुरळ्या केसांना फार महागात पडतो. बाजारात तयार मिळणाऱ्या शिकेकाईच्या भरड पुडीचे कणही वेटोळ्यांत अडकून केस घासतात. शेंगा रात्रभर भिजवून, उकळून, कापडातून गाळलेले पाणीच वापरावे. मातीचे पाणी अनेकदा किंचित अल्कधर्मी असते, म्हणून माती शिकेकाईच्या गाळलेल्या पाण्यात कालवणे, किंवा शेवटी आवळ्याच्या अथवा थोड्या लिंबाच्या पातळ पाण्याने केस धुणे, यात रासायनिक शहाणपण आहे.

तेलाचा प्रश्न येथेच येतो आणि तेथे परंपरेला आधुनिक प्रयोगाचा भक्कम दुजोरा मिळालेला आहे. मुंबईत काम करणाऱ्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी किंवा धुण्यानंतर लावलेल्या तेलांपैकी केसातून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी केली. खोबरेलातील मुख्य मेदाम्ल, लॉरिक आम्ल, आकाराने लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे केसाच्या आत शिरते, तेथे पाण्याला वाट देत नाही, आणि धुण्याच्या वेळी केस वारंवार फुगून आकसण्याचा ताण घटतो. आदल्या रात्री तेल लावून दुसऱ्या दिवशी न्हाण्याची रीत ही केस चोपडे दिसावेत म्हणून नव्हती, ती धुण्यापासूनच्या रक्षणाची होती. मातीच्या न्हाण्यापूर्वी टोकांना असे खोबरेल लावले, की माती प्रथम ते घेते आणि केसाचे आतले धन सुरक्षित राहते.

प्रत्यक्ष कृतीचा तपशील पुढील प्रकरणांत येईल. येथे तिचे स्वरूप सांगणे पुरे. मातीचा लगदा थालीपिठाच्या पिठासारखा घट्ट नसावा, घावनाच्या पिठासारखा ओघळता असावा. तो टाळूला आणि मुळांना बोटांच्या पेरांनी लावावा, नखांनी नव्हे. टोकांपर्यंत तो आपोआप, धुताना वाहत जाईल तेवढा पुरे. पाच ते दहा मिनिटांत, सुकू लागण्याच्या आत, भरपूर कोमट पाण्याने काढावा आणि काढताना केस वरून खाली, गुंडाळी न करता, सोडावेत. गुंता फणीने नव्हे, ओलेपणीच, निसरडेपणा असताना, बोटांनी टोकाकडून मुळाकडे सोडवावा. हे निसरडेपण देण्यास जवसाचा किंवा मेथीचा बुळबुळीत काढा फार उपयोगी पडतो, आणि विदर्भात जवस ज्या सहजतेने घरात असते ते पाहता बाहेरून आणलेल्या महागड्या लेपांची आठवण यावी असे काही नाही. टॉवेलचे उभे धागे वेटोळ्यांत अडकतात. जुना, धुऊन मऊ झालेला पंचा त्याहून किती चांगला, हे आपल्याकडच्या वृद्ध स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही. अशी मातीची न्हाणी आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा पुरेशी, मध्ये गरज भासल्यास शिकेकाईचे पातळ पाणी.

येथे एक सामाजिक बाजू मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बुद्धमूर्तींच्या मस्तकावर कुरळ्या केसांची लहान लहान वेटोळी कोरण्याची रीत आपल्या शिल्पांना परिचित आहे, अजिंठ्याच्या लेण्यांत ती पाहता येते. पण घराघरांतली आवड मात्र लांबसडक, सरळ आणि चापून बसवलेल्या केसांकडे झुकलेली राहिली. कुरळ्या केसांच्या मुलीचे डोके तेलाने चिप्प करून, करकचून दोन वेण्या घालून शाळेत पाठवणे हे शिस्तीचे लक्षण मानले गेले, आणि ‘झिपरे’, ‘पिंजारलेले’ असे शब्द तिला लहानपणापासून ऐकावे लागले. अशा घट्ट ओढीने कपाळाजवळचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. पुढे लग्नसमारंभाच्या निमित्ताने केस सरळ करणारी उष्णतेची आणि रसायनांची उपचारपद्धती येते. तिच्यातील काही मिश्रणांतून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातले. माती आणि शिकेकाईचा पुरस्कार करताना या पार्श्वभूमीचा विसर पडू नये. जो केस आजवर दुरुस्त करण्याचा विषय होता, त्याच्याशी हे साहित्य त्याच्या स्वभावानुसार वागायला शिकवते.

मातीपासून अपेक्षा काय ठेवावी हेही स्पष्ट असावे. मातीने केसाचा पोत बदलत नाही, गंधकाचे बंध घडत वा मोडत नाहीत, केसांची वाढ वेगवान होत नाही, आणि थायरॉइडच्या विकाराने, रक्तक्षयाने किंवा बाळंतपणानंतर गळणारे केस तिने थांबत नाहीत. टाळूवर चट्टे, पू किंवा सतत खाज असेल तर माती लावू नये आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सुकी पूड वाटीत घेताना तोंडावर कापड धरावे, कारण तिच्या धुळीत सिलिका असू शकते. मातीच्या पुडीत शिसे किंवा आर्सेनिकसारखे जड धातू असू नयेत म्हणून ती खात्रीच्या ठिकाणची आणि तपासलेली घ्यावी. स्वस्त सुटी पूड म्हणजे पारंपरिक पूड असे समीकरण मांडण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट मोरीशी संबंधित आहे, आणि तिच्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील. माती विरघळत नाही, ती पाण्यात फक्त तरंगते, आणि जुन्या वाड्यांतल्या न्हाणीघरात किंवा नदीकाठी ज्याची चिंता नव्हती ते सदनिकेतल्या नळीत तळाशी बसत जाऊन तिला चोंदवते. म्हणून मातीचे पहिले पाणी घमेल्यात किंवा बादलीत धरावे, रात्रभर निवळू द्यावे, आणि वरचे पाणी ओतून तळाची माती कुंडीत किंवा अंगणात टाकावी.